नैरोबीत झोपायचं कुठे?

...आणि वर मलाच विचारतात, "बाबा, तुम्हाला हॉटेल हवंय कशाला?" अरे, हौस आहे का मला? तुम्हाला सांगतो, उभी हयात आमच्या समुद्राएवढ्या तळ्यावर, मालाच्या बोटीत काढली मी, किसुमूहून बुकोबा, बुकोबाहून म्वांझा, कापसाच्या गठ्ठ्यांवर झोपलो, केळ्यांच्या घडांवर झोपलो, एकदा तर कुठल्याशा बिशपसाहेबांच्या पियानोवर झोपलो, झाकण लावलेलं होतं म्हणा... मला कसलं आलंय हॉटेल! पाठ टेकली की मी गेलो. पण ती पाठ जिथे टेकायची तिथे वर जावयाचं छप्पर नको! एवढीच अट. आणि या एका अटीपायी, मंडळी, एवढी मोठी नैरोबी, खिडक्या बघता बघता मान अवघडेल असल्या इमारती, त्यात आम्हा दोन म्हाताऱ्यांनी झोपायचं कुठे?

झालं काय, आमच्या आज्वांगला मुलगी झाली. एकुलती एक लेक, आणि आमची ही पहिली नात. आज्वांग रोज फोनवर दाखवायची, नाही असं नाही, पण फोनमध्ये दिसायचं काय? कधी नुसतं कपाळ, कधी नुसता पाय, एकदा तर बराच वेळ छताच्या दिव्याकडे बघून आम्ही "किती गोड, किती गोड" करत होतो. शेवटी आमची आलेगोकरीण, म्हणजे माझी बायको आदोयो, माहेर आलेगो म्हणून मी तिला आलेगोकरीणच म्हणतो, ती फोन उलटा ठेवून म्हणाली, "मला ती काचेत नको. मांडीवर हवी. आपण नैरोबीला चाललोय." संपलं! आलेगोची माणसं ठरवतात आणि आमच्या गावची पिशव्या उचलतात.

तर आम्हा लुओ लोकांत सासऱ्याने जावयाच्या छपराखाली झोपायचं नसतं. सासूने तर त्याहून नाही. जा, बसा, पोटभर जेवा, नावं ठेवा, पण अंधार पडला की उठा. मोडलं तर बाधतं. आणि बाधतं कुणाला? मोडणाऱ्याला बाधलं असतं तर एकवेळ परवडलं असतं हो! बाधतं बाळाला. बाळ सुकत जातं म्हणतात. तुम्ही म्हणाल, एवढा बंदरं पालथी घातलेला माणूस, आणि यावर विश्वास ठेवतो? नाही ठेवत! अजिबात नाही ठेवत! पण नातीच्या जिवावर खात्री करून कोण बघेल? तुम्ही बघाल? मग!

त्यात आमचे थोरले बंधू ओकेयो. गावात रूढीचा चौकीदार. कुणी कुठे झोपावं, दार कुठल्या दिशेला असावं, थोरल्याच्या आधी धाकट्याने कुदळ मारली का... सगळ्यावर नजर. हा माणूस फोनवर "हॅलो" म्हणत नाही. "ओगुता, नातीला बघायला जातोस, चांगलं आहे. झोपणार कुठे?" म्हटलं, दादा, आधी अभिनंदन तरी करा! "अभिनंदन. झोपणार कुठे?"

आणि दुसऱ्या बाजूला जावई. मुसेंबी. माणूस वाईट नाही, मूळचा मचाकोसकडचा, म्हणजे लुओ नव्हे, त्यात जन्म नैरोबीतला. त्यामुळे रूढी म्हटलं की त्याला वाटतं कुठलीतरी सरकारी सुट्टी. तो आपला आनंदात. "बाबा, तुमच्यासाठी नवीन पलंग घेतलाय! गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही, तुमच्या हाताने काढायचं!" आता याला काय सांगू? सासऱ्याने जावयाशी झोपण्याबिपण्याच्या गोष्टी बोलायच्या नसतात, तीही रूढीच! मी म्हणालो, "आम्ही हॉटेलात राहू." पलीकडून बारीक आवाजात, "बाबा... माझं काही चुकलं का? घर लहान आहे म्हणून का?" घर लहान? अरे बाबा, तू राजवाडा बांधलास तरी आम्ही अंगणात!

पण आता तुमच्यापासून काय लपवायचं... हॉटेल म्हटल्यावर मला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या होत्या. कारण नैरोबीत आम्ही दोघं एकदा लॉजमध्ये राहिलो होतो. रिव्हर रोडला, पुमझिको लॉजिंग. नवीन लग्न झालेलं, मी बोटीवर नुकता चिकटलेला, रात्रीच्या आगगाडीने नैरोबी बघायला गेलो. आदोयोचा भाऊ रेल्वेत होता, त्याची एक खोली होती, उतरायचं तिथेच. बघतो तर काय, डोळ्यांचं औषधपाणी करायला माझे सासरेच येऊन राहिलेले! एका खोलीत सासरा आणि जावई? तेव्हाही हेच, सगळं ठीक आहे हो, पण झोपायचं कुठे?

म्हणून पुमझिको. गल्ल्यावरच्या माणसाने चष्म्यावरून बघितलं, "नवरा-बायको कशावरून?" मी खिशात लग्नाचा काही पुरावा शोधतोय, तर आदोयो पुढे झाली, "भांडून दाखवू का?" त्याने मुकाट्याने किल्ली दिली. किल्लीला हा एवढा लाकडी ठोकळा, कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. घोंगडीवर छातीपाशी लाल अक्षरांत लॉजचं नाव, म्हणजे चोरलीत तर आयुष्यभर जाहिरात करा. खाली तबकड्यांचं दुकान, दिवसभर तेच एक गाणं, गिटारी अशा झिणझिणायच्या की खिडकीची काच ताल धरायची. आणि खोलीत आम्ही दोघंच! घरी आई, भाऊ, भावजया, शेळ्या, सतत कुणीतरी दारात उभं. दार आतून लावायचं असतं हे मला त्या खोलीत कळलं. आदोयो खिडकीत बसून रस्ता बघत होती आणि मी तिला बघत होतो... दोन रात्री, मंडळी. अशी गाढ झोप मला पुन्हा कधी लागली नाही. असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय.

तर मी आज्वांगला फोन केला. म्हटलं, पोरी, रिव्हर रोडला पुमझिको लॉजिंग आहे, माडीवरची रस्त्याकडची खोली सांगून ठेव. ती ओली बाळंतीण, तिने नवऱ्याला पिटाळलं, तो फोटो काढून आला. इमारत होती हो! पण खाली तबकड्यांच्या जागी मोबाईलची कव्हरं. आणि वर लॉजच नाही. सगळ्या खोल्या तोडून तिथे पलंगाएवढी पलंगाएवढी दुकानं. आमची खिडकी मी ओळखली. तिच्यात बायकांचे केसांचे टोप टांगलेले होते. मी फोन बंद करून अंगणात जाऊन बसलो. आलेगोकरीण चहा घेऊन आली, म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, डोळ्यात धूर गेला. "चूल घरात आहे," ती म्हणाली आणि बाजूला बसली.

मग सुरू झालं आज्वांगचं फोनवरचं हॉटेलशोधन. तुम्हाला सांगतो, पूर्वी माणूस लॉजच्या दारात जायचा, वास घ्यायचा आणि ठरवायचा. आता तारे! "बाबा, याला साडेतीन तारे आहेत." म्हटलं, उरलेला अर्धा कुणी नेला? "बाबा, लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवते. एक म्हणतो, अतिशय शांत जागा." घे! "त्याखाली दुसरा म्हणतो, तळमजल्यावर चर्च आहे, शुक्रवारी रात्रभर प्रार्थना चालते आणि भोंगा खिडकीत आहे." सोड! "दुसरं एक, बसस्टँडच्या जवळ." घे! "एकजण लिहितो, इतकं जवळ की बसच्या कंडक्टरने माझं झोपेतच तिकीट फाडलं." सोड बाई! "हे बघा, इथे चोवीस तास गरम पाणी." आणि? "आणि एक बाई लिहिते, गरम असतं, पण पाणी नसतं." एका ठिकाणचा फोटो पाठवला, पलंगावर टॉवेलचा घडी घालून केलेला बगळा. आलेगोकरीण बराच वेळ बगळ्याकडे बघत राहिली. "हा उलगडून अंग पुसलं, तर परत बगळा कोण करणार? मला नाही येत." तेही बाद! आणि या सगळ्यात रोज संध्याकाळी ओकेयोचा फोन. "ओगुता, तिकिटं काढलीस? झोपणार कुठे?"

शेवटी मुसेंबीचाच फोन आला. बिचाऱ्याने मन मोठं केलं. "बाबा, तुम्हाला हॉटेलच हवंय ना? मग मी बघतो. स्वच्छ, स्वस्त, ओळखीचं. तुम्ही फक्त या." मी म्हटलं, देवा, जावई असावा तर असा! ओळखीचं म्हणजे कुणाच्या ओळखीचं, हे विचारायचं मला सुचलं नाही. बोटीवर मी माल चढवताना पोत्यापोत्याला विचारायचो, कुणाचं, कुठून आलं, कुठे चाललं. इथे नाही विचारलं.

निघालो. आलेगोकरणीच्या सामानात उन्हात वाळवलेले मासे, चिरून उघडलेले, कागदात बांधलेले, एक जिवंत कोंबडा आणि बाजरीचं पीठ. म्हटलं, अगं, नैरोबीत दुकानं आहेत. "दुकानातला कोंबडा आरवतो का?" बसमध्ये तो कोंबडा नकुरूपर्यंत आरवला. पुढे घाट चढताना त्यालाही उंची बाधली असावी, गप्प बसला.

हॉटेल खरंच छान होतं हो! फरशी चकचकीत, भिंतीवर जिराफ, गल्ल्यावर एक हसरी मुलगी. "या आजी, या आजोबा! प्रवास कसा झाला? आणि हे पाहुणे..." कोंबड्याकडे बघून, "यांना वेगळी खोली?" खोलीत गेलो. खिडकी रस्त्याकडे. खालून कुठूनतरी गाणं येत होतं. आलेगोकरणीने चपला काढल्या, पलंगावर बसली, गादी जरा दाबून बघितली आणि माझ्याकडे बघून हसली. तुम्हाला सांगतो, ती त्या खिडकीत बसली असती ना, तर मी पुन्हा बोटीवर नुकता चिकटलेला पोरगा झालो असतो. मी म्हटलं, तू बस, मी खाली भाडं देऊन येतो.

खाली ती मुलगी पैसेच घेईना! "छे छे, आजोबा, मालकांनी बजावलंय, तुमच्याकडून एक शिलिंगही घ्यायचा नाही. घरचेच आहात तुम्ही." म्हटलं, घरचे? मालक कोण? "अहो, मुसेंबीचे मामा! सख्खे!"

जिने कसे चढलो मला ठाऊक नाही, दारातूनच ओरडलो, "आलेगोकरणी, ऊठ! ऊठ त्या पलंगावरून! व्याह्यांचा आहे!" ती अशी उडाली की कोंबडा फडफडून कपाटावर जाऊन बसला. मी ओकेयोला फोन लावला. म्हटलं, दादा, जावयाच्या मामाचं हॉटेल असेल तर? दादाने घसा साफ केला. "आईचा भाऊ? सख्खा? अरे, मग ते जावयाच्या छपराहून जड! जावई उद्या रुसेल, मामा कायमचा. पलंगाला पाठ लागली का?" नाही, नुसतीच बसली होती. "बसण्याला हरकत नाही. बसण्याबद्दल रूढी काही म्हणत नाही. झोपणार कुठे?"

आता बाहेर दिवेलागण झालेली, हातात कोंबडा, कपाटावर चढून मीच उतरवला त्याला, ती गल्ल्यावरची मुलगी रडवेली, "आजोबा, खोली आवडली नाही का?" तिला काय सांगू, बाई गं, आयुष्यात इतकी आवडलेली ही दुसरीच खोली! मी म्हणतोय, चल, दुसरं लॉज शोधू, एखादं अनोळखी, वाईटसाईट, कुणाच्याच मामाचं नसलेलं. तर आलेगोकरीण रस्त्यात पिशवी खाली ठेवून उभी राहिली. म्हणाली, "मी हॉटेलं बघायला आलेली नाही. मी नात बघायला आलेय. दादा काय म्हणाले? बसायला हरकत नाही ना? मग चला. बसू या."

आणि आम्ही गेलो उमोजाला, लेकीच्या घरी, बसायला!

मुसेंबीने दार उघडलं. तो काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं, "आम्ही आलोय. आम्ही बसणार. झोपणार नाही." त्याला काही कळलं नाही, पण त्याने आधी खुर्च्या पुढे केल्या. तेवढ्यात आज्वांगने नातीला आणून आजीच्या मांडीवर ठेवलं. मंडळी, ही आमची आलेगोकरीण, जी बोटीच्या भोंग्याहून मोठा आवाज काढायची, ती नुसती त्या मुठीतली बोटं एक एक उघडून बघत राहिली. माझ्या डोळ्यांना तेव्हा धार लागली, आणि तिथे चूलही नव्हती, गॅस होता.

मग तिने मासे शिजवायला घेतले. टोमॅटो, कांदा, आणि तो आमचा तळ्याकाठचा वास जो उठला... मुसेंबी हळूच खिडकी उघडायला गेला, आज्वांगने डोळ्यांनीच थांबवला. आणि थोड्या वेळात दारावर टकटक. वरच्या मजल्यावरची नर्स. "माफ करा हं, घरचं कोण आलंय?" तिच्यामागे खालचा गॅरेजवाला. त्याच्यामागे कुठल्याशा शाळेचे मास्तर, हातात स्वतःचं ताट घेऊन! सगळी आमची तळ्याकाठची माणसं. मुसेंबी दारात हात टेकून उभा. "बाबा, मी यांना रोज जिन्यात बघतो, यांनी कधी मान हलवली नाही हो!" म्हटलं, पोरा, तू कधी मासे शिजवलेस का?

सगळे जेवून, कोंबड्याचं कौतुक करून गेले, आणि मग सुरू झाला खरा खेळ. नात रडायला लागली. अशी रडली, अशी रडली! आणि तोवर सगळं छान होतं बघा, कारण ती रडतेय तोवर घर जागं. मग माझ्यातला खलाशी जागा झाला, मी तिला छातीशी घेतलं आणि बोट डुलते ना तसा डुलायला लागलो, या पायावरून त्या पायावर. गप्प झाली हो! आणि ती गप्प झाली तसे इकडे सगळ्यांचे डोळे मिटायला लागले. मुसेंबी खुर्चीत कलला, माझी मान पुढे... "अहो!" आलेगोकरणीने मला असा चिमटा काढला! "एका छपराखाली! दोघंही! डुलू नका, रडू द्या तिला!" आता सांगा, नातीला गप्प करावं तर रूढी धोक्यात, रूढी सांभाळावी तर पोरगी रडतेय!

मी मुसेंबीला म्हटलं, तू तरी आत जाऊन झोप, तुझंच घर आहे. आज्वांगने त्याला एव्हाना कानात सगळं सांगितलं होतं. तो उठला, चहा ठेवला आणि म्हणाला, "बाबा, आधी सांगायचं होतं ना. मला वाटलं मी तुम्हाला पसंत नाही. आता सासरे बसलेत म्हटल्यावर मी कसा झोपू?" त्या घटकेला तो जावई मला मनापासून आवडला. तोंडावर सांगितलं नाही, लगेच शेफारतात.

मला जागं ठेवायला आलेगोकरणीने जुन्या गोष्टी काढल्या. मी म्हटलं, पुमझिकोला काय झोप लागली होती नाही आपल्याला! ती म्हणाली, "झोप? कुठली झोप? मी चौकीदाराच्या शेगडीवर हेच मासे शिजवले, तर माडीवरची सगळी आपल्याकडची माणसं वासाने आपल्या खोलीत. तो हवालदार आपल्या पलंगावर, तो न्हावी उशीवर, आणि तुम्ही रात्रभर उलट्या बादलीवर बसून पेंगत होता. दुसऱ्या रात्री ते उरलेले मासे खायला परत आले!" म्हटलं, अगं, पण ती खिडकी... गाणं... "ते होतं," ती म्हणाली. आणि नातीचं टोपरं सारखं करता करता हळूच, "मीसुद्धा सगळ्यांना सांगते, छान झोप लागली म्हणून."

उजाडलं. नात आता अशी गाढ झोपली होती जसं काही तिनेच रात्रभर पहारा दिला. आणि फोन वाजला. "ओगुता! झोपलास कुठे?" मी म्हटलं, दादा, कुठेच नाही. सासरा जागा, सासू जागी, जावई जागा, लेक जागी. पलीकडून कौतुकाचा सुस्कारा. "शाब्बास! अशी रूढी तर आमच्या वडिलांनीही पाळली नव्हती." तो प्लास्टिक गुंडाळलेला पलंग कोपऱ्यात तसाच चकाकत होता. त्यावर कोंबडा झोपला होता, त्याला रूढी नाही.

आणि आलेगोकरीण? बसस्टँडवर मला काय म्हणते, "पुढच्या खेपेला जरा जास्त दिवस बसायला येऊ या." जास्त दिवस! म्हटलं, आधी घरी तर चल, मला झोपायचंय! माझे डोळे उघडे राहत नव्हते, बस समोर उभी, मऊ मऊ सीटा, गेलो की पडलोच... पण मी काही चढलो नाही. पायरीवर एक पाय ठेवून आधी कंडक्टरला विचारलं, "बाबा रे, खरं सांग. ही गाडी कुणाच्या मामाची?"